सतरंज्या कोणीं उचलाव्या?

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतील शेतकरी व कारागीर बांधवांस आज आम्ही एक साधा हिशेब मांडून पाहण्याची विनंति करणार आहों. हिशेब पैशाचा नव्हे, माणसांचा आहे. कोण माणूस कोणत्या वर्षीं कोणत्या पक्षांत होता, कोणाविरुद्ध उभा होता, व पुढल्या खेपेस कोणाच्या गळ्यांत गळा घालून आपल्या पारापाशीं आला, एवढेंच पाटीवर लिहावयाचें. आमच्या शाळेंतील चौथीच्या पोरास सुद्धां हा हिशेब येईल. मोठ्यांस तो येत नाहीं असें नाहीं. पण निवडणुकीच्या दिवसांत धुरळा इतका उडतो कीं पाटी दिसत नाहीं.

देगलूरपासून सुरुवात करूं. तेथील काँग्रेसचे आमदार रावसाहेब अंतापूरकर २०२१ सालीं करोनाच्या साथींत वारले. पोटनिवडणूक लागली. भारतीय जनता पक्षापाशीं स्वतःचा माणूस नव्हता किंवा असलेला पटला नाहीं, म्हणून त्यानें शिवसेनेचे माजी आमदार सुभाष साबणे यांस आणून उभें केलें. समोर काँग्रेसतर्फे रावसाहेबांचे चिरंजीव जितेश अंतापूरकर होते. साबणे मोठ्या फरकानें पडले. तीन वर्षें गेलीं. २०२४ च्या ऑगस्टांत तेच जितेश अंतापूरकर भारतीय जनता पक्षांत आले व नोव्हेंबरांत त्याच देगलुरांतून त्याच पक्षाच्या कमळावर निवडून गेले. आतां ज्या गरीब कार्यकर्त्यानें २०२१ सालीं भिंतीवर एक नांव रंगविलें, त्यानेंच २०२४ सालीं त्या भिंतीस चुना मारून, ज्याला पाडण्यासाठीं रात्रींचा दिवस केला होता त्याचें नांव रंगवावयाचें! भिंतीस चुना लागला हें ठीक झालें. कार्यकर्त्यास जो लागला त्याची दाद कोणाकडे मागावी?

हें एका देगलूरचें नव्हे. दोन्ही जिल्ह्यांत या पक्षाच्या घरांत सध्यां दोन चुली आहेत. एका चुलीपाशीं जुनें माणूस आहे; त्यानें पक्ष हरत होता तेव्हां सभेच्या सतरंज्या घातल्या, सभा संपल्यावर त्या झटकून गुंडाळल्या, व घरीं बायकोच्या शिव्या खाल्ल्या. दुसऱ्या चुलीपाशीं काल आलेलें माणूस आहे; त्याच्यापाशीं संस्था, गाड्या, पाहुणेरावळे आणि मोठें नांव आहे. स्वयंपाक एकाच घरचा म्हणवितात, पण पंगत बसली कीं पहिलें ताट कोणापुढें येतें हें सर्वांस दिसतें.

हा पक्ष पूर्वीं असा नव्हता, हेंही सांगितलें पाहिजे. जनसंघाच्या काळीं, म्हणजे १९५१ सालापासून पुढें, मराठवाड्यांत त्याला कोणी फारसें विचारीत नसे. शेटजी-भटजींचा पक्ष असें त्याचें नांव पडलें होतें, आणि तें अगदींच वावगें नव्हतें. जुन्या रीती, जुनी समाजरचना, शिस्त, संघाची शाखा, असा त्याचा बाज. शेतकऱ्याच्या वाड्यावस्तीवर त्याला कोण जाणे? १९८० सालीं भारतीय जनता पक्ष निघाल्यावर संघटनेंतील वसंतराव भागवत यांच्यासारख्या माणसांच्या ध्यानांत आलें कीं बहुजन समाजांतील माणूस पुढें केल्याखेरीज या महाराष्ट्रांत डाळ शिजणार नाहीं. माळी, धनगर, वंजारी या तीन समाजांच्या आद्याक्षरांवरून 'माधव' असा शब्द निघाला. आणि गोपीनाथ मुंडे पुढें आले. मुंडे गांव नाथ्राचे, म्हणजे बीड जिल्ह्याचे. पण आमदार झाले ते आपल्या लातूर जिल्ह्यांतील रेणापूरच्या मतदारसंघांतून. १९८० सालीं पहिल्यानें, मध्यें १९८५ सालीं पडले, मग १९९० पासून ओळीनें. हा माणूस शेतकऱ्याच्या भाषेंत बोले, ऊसतोड मजुरांच्या मजुरीचा तंटा हातीं घेई, रात्रीं-अपरात्रीं गांवांत येई. १९९५ सालीं उपमुख्यमंत्री झाला. पक्ष वाड्यांतून वस्तीवर आला तो अशा माणसांच्या पायांनीं.

मात्र घरांत आणलेला हा बहुजन पुढारी घराचा धनी झाला काय? २००८ सालीं मुंबई शहराध्यक्षाच्या नेमणुकीवरून मुंड्यांनीं पक्षाच्या पदांचे राजीनामे दिले व कांहीं दिवसांत परत घेतले. एवढ्या मोठ्या पुढाऱ्यास, ज्यानें पक्ष खेड्यांत नेला त्यास, एका नेमणुकीसाठीं रुसावें लागलें. मुंडे २०१४ च्या जूनांत अपघातांत गेले. खानदेशचे एकनाथ खडसे, ज्यांनीं चाळीस वर्षें त्याच पक्षांत घालविलीं, ते २०२० सालीं बाहेर पडले. तेव्हां गर्दी जमविण्यास बहुजन चेहरा आणि निर्णय घेण्यास दुसरींच माणसें, ही या पक्षाची जुनी वाटणी आहे. नवीन एवढेंच कीं आतां चेहरा घरांत वाढवीत बसण्याचा धीर राहिला नाहीं. दुसऱ्याच्या शेतांतील पिकलेलें कणीस कापून आणणें सोपें पडतें.

नांदेडाकडे पाहा. २०१७ सालीं नांदेड महापालिकेची निवडणूक झाली. प्रताप पाटील चिखलीकर हे त्या वेळीं शिवसेनेचे आमदार. पण प्रचार केला भारतीय जनता पक्षाचा. समोर काँग्रेसचे अशोक चव्हाण. ८१ पैकीं ७३ जागा काँग्रेसनें घेतल्या. पुढें २०१९ सालीं चिखलीकर रीतसर कमळावर लोकसभेस उभे राहिले व त्यांनीं चव्हाणांस ४०,१४८ मतांनीं पाडलें. त्या निवडणुकींत वंचित बहुजन आघाडीतर्फे उभे असलेले धनगर समाजांतील प्राध्यापक यशपाल भिंगे यांनीं दीड लाखांहून अधिक मतें घेतलीं, हें विसरूं नये. ज्यांस कोणी पंगतीस बोलावीत नाहीं त्यांचीं मतें केवढीं असतात, हें त्या दिवशीं मोजलें गेलें. असो. चिखलीकर जिंकले, आणि पक्षाच्या जुन्या माणसांनीं पेढे वांटले कीं अखेर चव्हाणांची गढी पडली.

ती गढी पांच वर्षांनीं पक्षाच्याच आवारांत येऊन उभी राहिली! १३ फेब्रुवारी २०२४ रोजीं अशोक चव्हाण भारतीय जनता पक्षांत आले आणि दुसऱ्याच दिवशीं त्यांस राज्यसभेची उमेदवारी मिळाली. ज्या 'आदर्श' प्रकरणावरून २०१० सालीं त्यांस मुख्यमंत्रिपद सोडावें लागलें, त्याच प्रकरणाचीं भाषणें करून कित्येक कार्यकर्त्यांचे घसे बसले होते. आम्ही चव्हाणांस दोषी अथवा निर्दोष ठरवीत नाहीं. तें न्यायालयाचें काम. आमचा प्रश्न घसा बसलेल्या माणसाबद्दल आहे. त्याला कोणीं विचारलें? बैठक मुंबईस झाली, निरोप दिल्लीहून आला, आणि नांदेडच्या कार्यकर्त्यानें वर्तमानपत्रांत वाचलें कीं कालचा शत्रु आजचा मार्गदर्शक आहे.

मग लोकसभा आली. उमेदवार चिखलीकर, प्रचारांत चव्हाण. मराठा आरक्षणाच्या चळवळीनें पेटलेल्या गांवांत कित्येक ठिकाणीं पुढाऱ्यांच्या गाड्या अडविल्या गेल्या. आणि निकाल काय? काँग्रेसचे वसंतराव चव्हाण ५९,४४२ मतांनीं निवडून आले. दोन मोठीं नांवें एका तराजूंत घातलीं म्हणजे वजन दुप्पट होतें असें ज्यांस वाटलें, त्यांचा त्रैराशिक चुकला. माणसांची बेरीज धान्यासारखी होत नाहीं. एका म्यानांत दोन तलवारी घातल्या तर म्यान फाटतें.

तें फाटलेंच. केंद्रांत राज्यमंत्री राहिलेल्या सूर्यकांता पाटील यांनीं निकालानंतर महिना न लोटतां पक्ष सोडला व त्या शरद पवारांकडे परतल्या. चव्हाणांचे मेहुणे भास्करराव पाटील खतगांवकर चव्हाणांच्या मागोमाग आले होते, ते काँग्रेसकडे परत गेले. आणि खुद्द चिखलीकर २०२४ च्या ऑक्टोबरांत अजित पवारांच्या राष्ट्रवादींत जाऊन लोह्यांतून विधानसभेस उभे राहिले. लोह्याचा तो सामना तर कथेंत सांगावा असा. एका बाजूस घड्याळावर चिखलीकर. दुसऱ्या बाजूस उद्धव ठाकरे यांच्या पक्षाचे एकनाथ पवार, जे पूर्वाश्रमीचे भारतीय जनता पक्षाचेच. आणि तिसरीकडे शेतकरी कामगार पक्षातर्फे आशाताई शिंदे, ज्या चिखलीकरांच्या सख्ख्या भगिनी. भाऊ निवडून आला. रक्षाबंधनाचें काय झालें तें आम्हांस ठाऊक नाहीं, व तो आमचा विषयही नव्हे.

याच सुमारास खासदार वसंतराव चव्हाण २६ ऑगस्टला वारले होते. म्हणून २० नोव्हेंबर २०२४ रोजीं नांदेडच्या मतदारापुढें एकाच दिवशीं दोन यंत्रें आलीं, एक विधानसभेचें आणि एक लोकसभेचें. जिल्ह्यांतील नऊच्या नऊ विधानसभा महायुतीनें जिंकल्या. नांदेड लोकसभेखालीं त्यांतील सहा येतात, सहाही महायुतीच्या. आणि त्याच सहा मतदारसंघांत, त्याच खोल्यांत, त्याच बोटांनीं लोकसभेचें बटण दाबलें तेव्हां भारतीय जनता पक्षाचे डॉ. संतुक हंबर्डे १,४५७ मतांनीं पडले व दिवंगत खासदारांचे पुत्र रवींद्र चव्हाण निवडून आले. कोणी म्हणतात सहानुभूति, कोणी म्हणतात घरभेद. आम्ही म्हणतों, कारण कोणतेंही असो, पण खेड्यांतील माणसास अडाणी समजणाऱ्यांनीं हा आंकडा घराच्या भिंतीवर लिहून ठेवावा. ज्याला दोन यंत्रांत दोन निरनिराळीं मतें देतां येतात त्याला डोकें आहे.

याउपर २०२५ च्या डिसेंबरांतील लोहा नगरपरिषदेची गोष्ट. घराणेशाहीविरुद्ध देशभर व्याख्यानें देणाऱ्या या पक्षानें तेथें एकाच घरांतील सहा जणांस उमेदवारी दिली. सहा! गांवांत दुसरें घर नव्हतें काय? सहाही जण पडले.

लातुराकडे वळलें तर नांवें बदलतात, खेळ तोच. लातूरची लोकसभा २००९ पासून अनुसूचित जातींसाठीं राखीव आहे. २०१४ सालीं सुनील गायकवाड अडीच लाखांच्या वर मताधिक्यानें निवडून आले. २०१९ सालीं त्यांचें तिकीट कापलें आणि सुधाकर शृंगारे यांस दिलें. तेही जवळजवळ तीन लाखांच्या फरकानें आले. २०२२ सालीं याच खासदारांनीं जाहीरपणें तक्रार केली कीं आपण दलित असल्यानें जिल्ह्यांतील सरकारी कार्यक्रमांस आपणांस बोलावीत नाहींत. लक्षावधि लोकांनीं निवडून दिलेला खासदार, ज्याचा पक्ष दिल्लींत राज्य करतो, तो ही तक्रार करतो! राखीव जागा म्हणजे खुर्ची देतात, पण तिच्यासमोर टेबल ठेवीत नाहींत, असा हा प्रकार झाला. २०२४ सालीं ते ६१,८८१ मतांनीं काँग्रेसचे डॉ. शिवाजी काळगे यांजकडून हरले आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत काँग्रेसमध्यें गेले. काँग्रेसनेंही त्यांस मिठी मारली. पाहुणा आला कीं त्याच्या पायांवर पाणी घालण्यांत तो पक्षही मागें नाहीं. भारतीय जनता पक्ष ज्या शाळेंत हें शिकला ती शाळा मुळांत काँग्रेसचीच.

निलंग्याचें घराणें घ्या. शिवाजीराव पाटील निलंगेकर काँग्रेसचे मुख्यमंत्री. त्यांच्या सूनबाई रूपाताई २००४ सालीं भारतीय जनता पक्षातर्फे उभ्या राहून शिवराज पाटील चाकूरकरांसारख्या दिग्गजास पाडून खासदार झाल्या. त्याच वर्षीं नातू संभाजीरावांनीं विधानसभेस प्रत्यक्ष आजोबांस पाडलें. पुढें २०१४ सालीं चुलत्यास पाडलें. आतां शिवराज पाटलांकडे या. त्यांच्या सूनबाई अर्चनाताई २०२४ च्या मार्चांत भारतीय जनता पक्षांत आल्या व नोव्हेंबरांत लातूर शहरांतून उभ्या राहिल्या. विलासरावांचे पुत्र अमित देशमुख थोड्या फरकानें निवडून आले. औशाचे बसवराज पाटील, ज्यांस २०१९ सालीं भारतीय जनता पक्षाच्या अभिमन्यु पवारांनीं पाडलें होतें, तेही २०२४ सालीं पाडणाऱ्याच्याच पक्षांत दाखल झाले. वाचकहो, या सर्व कथेंत सुतार कोठें आहे? कुंभार, परीट, न्हावी, कोष्टी, मातंग कोठें आहेत? पक्ष बदलतो, झेंडा बदलतो, वाडे तेच. आजोबा पडले तर नातू, सासरे पडले तर सून. अर्थात् ज्यांचीं गांवांत दोनचार घरें आहेत अशा कारागीर जातींस कोणताच पक्ष उमेदवारी देत नाहीं, आणि जुना बहुजन पुढारी जो थोडीबहुत वाट काढीत होता ती वाटही या आयात केलेल्या मालानें बुजली.

कोणी म्हणेल, पुढाऱ्यांनीं घरें बदललीं तर आपलें काय बिघडलें? आमचें म्हणणें, बिघडतें तें आपलेंच. मोठा माणूस पक्ष बदलतो तेव्हां एकटा जात नाहीं. त्याचा साखर कारखाना, त्याची पतसंस्था, त्याचें विद्यालय, बाजार समितींतील त्याचीं माणसें, सर्व त्याच्या मागून चालतात. मग ज्या शेतकऱ्याचा ऊस त्या कारखान्याच्या नोंदींत आहे त्याला रातोरात मत बदलावें लागतें. नाहींतर तोडीची पाळी मागें पडेल आणि ऊसास तुरे येतील अशी धास्ती. संस्थेंतील मास्तरास कालचा बिल्ला काढून आजचा लावावा लागतो. पतसंस्थेचा कर्जदार मुकाट्यानें सभेस जातो. सोसायटींत भाऊभाऊ एकमेकांचे तोंड पाहीनासे होतात, आणि इतक्यांत वरचे दोघे पुन्हां एक होऊन फोटो काढतात. वरच्यांचें भांडण मिटतें. बांधावरचें मिटत नाहीं. आम्ही खेड्यांत राहतों, म्हणून हें कागदावर वाचून लिहीत नाहीं.

कायदा आहे कीं नाहीं? आहे. हरियाणाच्या गयालाल नांवाच्या आमदारानें १९६७ सालीं एका पंधरवड्यांत तीनदां पक्ष बदलला, तेव्हांपासून आयाराम-गयाराम हा शब्द आपल्या बोलींत आला. १९८५ सालीं पक्षांतरबंदीचा कायदा झाला. परंतु तो कायदा निवडून आलेल्या आमदार-खासदारास बांधतो, तेंही त्यानें राजीनामा न देतां उडी मारली तर. पडलेल्या उमेदवारास, राजीनामा देऊन येणाऱ्यास, तिकीट न मिळाल्यानें रुसलेल्यास तो शिवत नाहीं. सकाळीं पक्षप्रवेश आणि सायंकाळीं उमेदवारी, यास कोणताही अडसर नाहीं. सोसायटीचा सभासद होण्यास सुद्धां अर्ज, भाग व मंजुरी लागते!

परदेशांतही असें होतें, पण वेगळ्या रीतीनें, आणि तो वेगळेपणा समजण्यासारखा आहे. अमेरिकेंत रिपब्लिकन म्हणून जो जुन्या मताचा पक्ष आहे त्यांत २०१६ सालीं डोनाल्ड ट्रंप हा व्यापारी शिरला. पक्षांतील जुन्या पुढाऱ्यांस तो नको होता. पण तेथें पक्षाचा उमेदवार कोण हें पक्षाचे साधे मतदार आधीं मत देऊन ठरवितात. त्यांनीं ट्रंपला निवडलें; पुढारी हात चोळीत बसले. पुढें लिझ चेनी या बाईंनीं, ज्यांचे वडील त्याच पक्षाचे उपराष्ट्राध्यक्ष होते, त्यांस विरोध केला, तर २०२२ सालीं त्याच मतदारांनीं बाईंस घरीं बसविलें. तें चांगलें झालें कीं वाईट, तें अमेरिकन लोक बघून घेतील. लक्षांत घ्यावयाचें तें हें कीं तेथें जनतेस भुलविणारा पुढारी निदान जनतेच्या हातांनीं पक्षांत चढला. आपल्याकडे लोकांचा कैवारी म्हणून ज्याला आपल्यापुढें उभें करतात त्याला लोकांनीं नेमलेलेंच नसतें. गोड बोलणारा तो, फेटा आमचा, भाकरी आमच्या चुलीवरची. आणि तिकिटावर सही दिल्लीची. २०२६ च्या आरंभीं महापालिकांच्या निवडणुकींच्या वेळीं छत्रपती संभाजीनगरांत याच पक्षाच्या जुन्या कार्यकर्त्यांनीं आपल्या नेत्यांच्या गाड्या अडविल्या, कित्येक रडले. कार्यकर्त्यास आपला उमेदवार निवडण्याचा अधिकार असता तर गाडीपुढें आडवें पडण्याची पाळी कां येती?

हा दोष इतरांपुरता आहे असें म्हणून आम्ही हात झटकीत नाहीं. ब्राह्मणेतर चळवळींतही फुटी पडल्या. भास्करराव जाधव मंत्रिमंडळांत गेले. केशवराव जेधे १९३० नंतर काँग्रेसकडे वळले, १९४८ सालीं शेतकरी कामगार पक्ष काढण्यांत पुढें झाले आणि १९५४ सालीं पुन्हां काँग्रेसमध्यें गेले. लोक त्यांच्यावर रागावले, त्यांच्याशीं भांडले. तथापि त्या भांडणांत मुद्दे होते: कुळाचा हक्क, मंत्रिपद घ्यावें कीं न घ्यावें, परकी सरकाराशीं कसें वागावें. वर्तमानपत्रांतून महिनेचे महिने वाद चालले. आपल्याच जिल्ह्यांत कंधारचे केशवराव धोंडगे शेतकरी कामगार पक्षातर्फे वर्षानुवर्षें विधानसभेंत गेले, १९७७ सालीं नांदेडचे खासदार झाले व शंभरी ओलांडून २०२३ च्या पहिल्या दिवशीं वारले. त्यांचीं मतें पटोत न पटोत, ते कशासाठीं भांडतात हें गुराख्यालाही सांगतां येई. २०२४ सालीं नांदेड-लातुरांत जेवढ्या उड्या पडल्या त्यांपैकीं एक तरी उडी सोयाबीनच्या भावासाठीं पडली काय? लेंडी धरणाच्या विस्थापितांसाठीं कोणीं पक्ष सोडला काय?

सोयाबीनचें नांव निघालें, तर तोही हिशेब पुरा करूं, कारण या दोन जिल्ह्यांचें पोट त्यावर आहे. २०२४-२५ सालचा हमीभाव होता क्विंटलास ४,८९२ रुपये. निवडणुकीच्या त्या दिवसांत लातूर-नांदेडच्या मोंढ्यांत भाव मिळत होता चार ते सव्वाचार हजारांच्या आसपास. हमीभावाच्या केंद्रावर न्यावें तर बारा टक्क्यांच्या वर ओलावा निघाला कीं माल परत. ओरड फार झाली तेव्हां नोव्हेंबरांत पंधरा टक्क्यांपर्यंत सवलत दिली, तोंवर गरजू शेतकऱ्याचे कट्टे आडतीवर उतरून गेले होते. आणि प्रचारांत आवाज उठला सहा हजारांचा! त्याखेरीज कर्जमाफी, त्याखेरीज लाडक्या बहिणींस पंधराशेंऐवजीं एकवीसशें.

आतां गणित करा. समजा एका घरीं तीस क्विंटल सोयाबीन झालें. हमीभावापेक्षां क्विंटलामागें सातशें कमी मिळाले, तर तुटीचे एकवीस हजार झाले. त्याच घरांतील बहिणीस महिना पंधराशें प्रमाणें वर्षाचे अठरा हजार मिळाले. म्हणजे उजव्या हातानें काढून घेतलें त्यांतूनही तीन हजार उणे डाव्या हातानें परत दिलें, व वर ओवाळून घेतलें. आम्ही त्या अठरा हजारांस तुच्छ लेखीत नाहीं. जिच्या नांवावर जन्मांत बँकेचें पुस्तक नव्हतें तिच्या हातांत पैसा पडला, तिनें पोरांच्या वह्या घेतल्या, औषध घेतलें. घरच्या पुरुषास न विचारतां घेतलें. हें मोठें काम आहे, आणि त्यावर नाक मुरडणाऱ्या शहरी शहाण्यांशीं आमचें जमत नाहीं. पण दान आणि दाम यांत फरक आहे. घामाचा दाम चुकता करा, मग दानाचें पाहूं. २०२५ च्या मार्चांतील अर्थसंकल्पांत एकवीसशेंची तरतूद नव्हती. त्याच महिन्यांत उपमुख्यमंत्र्यांनीं सांगितलें कीं पीककर्जाचे हप्ते ३१ मार्चपूर्वीं भरा. नागपुरांत शेतकऱ्यांनीं रस्ते अडविले तेव्हां ऑक्टोबराअखेर मुख्यमंत्र्यांनीं कर्जमाफीच्या निर्णयासाठीं ३० जून २०२६ ही मुदत सांगितली. प्रचाराच्या सभेंत कर्जमाफीस मुदत नव्हती.

आणि येथेंच दोन्ही धागे एका ठिकाणीं येतात. आश्वासन कोणीं दिलें, हें विचारावयास गेलें तर देणारा त्या पक्षांत राहिलेलाच नसतो! २०१९ सालीं ज्यानें कमळ हातांत धरून शब्द दिला तो २०२४ सालीं घड्याळ लावून आला. पंजा दाखवून ज्यानें शब्द दिला तो कमळ घेऊन आला. जाब विचारला तर पहिला म्हणतो, तो त्या पक्षाचा शब्द होता. पक्ष म्हणतो, तो त्या माणसाचा शब्द होता. सावकार मेला आणि वही जळाली म्हणजे कुळास आनंद होतो. येथें कुळानेंच सावकारी केली आहे, मताचें कर्ज दिलें आहे, आणि ऋणको गांव सोडून पसार झाला आहे.

तेव्हां आमची सूचना अशी. ग्रामसभा वर्षांतून चार वेळां भरते. सव्वीस जानेवारी आणि पंधरा ऑगस्ट तरी कोणी चुकवीत नाहीं. प्रत्येक गांवानें एक वही घालावी. कोणत्याही पक्षाचा, कोणत्याही चिन्हाचा उमेदवार गांवांत आला, त्यानें पारावर काय सांगितलें, तें तारीख घालून त्याच्या समोर लिहावें. त्याच्या मागें सतरंजी उचलणारा जो गांवचा कार्यकर्ता असेल त्याची साक्ष म्हणून सही घ्यावी. पक्षाचें नांव लिहूंच नये. माणसाचें नांव, गांव आणि शब्द, एवढेंच. पुढल्या खेपेस तो कोणताही बिल्ला लावून येवो, शाळेंतल्या एखाद्या मुलीस उभी करून तें पान त्याच्यासमोर मोठ्यानें वाचावयास लावावें. मुलींचे आवाज स्वच्छ असतात, आणि त्या एकही शब्द गाळीत नाहींत. ज्या गांवीं अशी वही सुरू होईल तेथील मंडळींनीं पहिल्या पानाची नक्कल आमच्याकडे पाठवावी. आम्ही ती छापूं, व उमेदवार कोणत्या पक्षाचा होता हें शोधीत बसण्याची तसदी वाचकांस देणार नाहीं.